मूकपटातील सुलोचना आणि सुलोचनादीदी एकच का? बोलपट आल्यावर हिंदुस्तानी येत नसल्यामुळेच त्यांची कारकीर्द संपली का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ‘टायपिस्ट गर्ल’ हा मूकपट १९२६ मध्ये आला, तेव्हा सुलोचनादीदींचा, म्हणजे सुलोचना लाटकर यांचा, जन्मही झालेला नव्हता. मूकपटातील सुलोचना म्हणजे रूबी मायर्स. त्यांचा जन्म १९०७ मध्ये पुण्यात, बगदादी ज्यू कुटुंबात झाला.

हा प्रश्न वाचून मला राहवले नाही, कारण हीच चूक माझ्या नावावर छापली गेली आहे. भारतीय चित्रपटाला शंभर वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी, २०१३ मध्ये, एका मंडळाने स्मरणिका काढली आणि तिच्यासाठी मी रूबी मायर्स यांच्यावर सविस्तर लेख लिहून दिला. अंक हाती आला तेव्हा लेखाच्या मधोमध डोक्यावर पदर घेतलेल्या सुलोचनादीदींचे पानभर छायाचित्र होते आणि त्याखाली ‘मूकपटांची सम्राज्ञी’ अशी ओळ होती. ज्या परिच्छेदासाठी मी सर्वाधिक कष्ट घेतले होते, तो शेवटचा परिच्छेद काढून टाकलेला होता आणि त्याच्या जागी ‘बोलपट आले आणि भाषा न येणाऱ्या सुलोचनाबाईंची कारकीर्द संपुष्टात आली’ हे वाक्य होते. मी संपादकांना दूरध्वनी केला. ते म्हणाले, “सुलोचना म्हटले की वाचकांना हाच चेहरा आठवतो, आणि वाक्याचे म्हणाल, तर ते सगळीकडे तसेच लिहिलेले असते.” शुद्धिपत्र छापा अशी मी विनंती केली, तर स्मरणिका एकदाच निघते, शुद्धिपत्र छापणार कशात, असे उत्तर मिळाले. पुढे दोन जणांनी तो लेख दाखवून माझेच वाक्य म्हणून ते मला ऐकवले.

त्या काढून टाकलेल्या परिच्छेदात काय होते, ते आता येथे लिहिते. टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी करणाऱ्या या मुलीला कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानी यांनी चित्रपटात काम करण्याविषयी विचारले, तेव्हा तिने प्रथम नकार दिला होता, कारण कुलीन घरातील मुलीने पडद्यावर येणे त्या काळी कमीपणाचे समजले जाई. पुढे इंपीरियल फिल्म कंपनीत त्यांचा महिना पाच हजार रुपयांवर गेला. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ (१९२७) या एकाच मूकपटात त्यांनी आठ भूमिका केल्या आणि त्यांत पुरुषांच्याही होत्या. मूकपटात नुसते डोळे मोठे करायचे असतात, असे सांगणाऱ्यांनी या आठ भूमिकांचा विचार करावा.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला. तो इंपीरियलचाच चित्रपट होता आणि इंपीरियलची सर्वांत मोठी तारका सुलोचना होत्या, तरीही नायिकेची भूमिका झुबेदा यांना मिळाली. संपादकांची गोष्ट येथेच संपते. प्रत्यक्षात सुलोचनाबाईंनी सुमारे वर्षभर काम थांबवून हिंदुस्तानीचा अभ्यास केला आणि आपलाच गाजलेला मूकपट ‘माधुरी’ १९३२ मध्ये बोलपट म्हणून पुन्हा केला. ‘इंदिरा बी.ए.’ची ‘इंदिरा एम.ए.’ झाली, १९३५ मध्ये ‘अनारकली’ पुन्हा आली, आणि ‘वाइल्डकॅट’ची ‘बंबई की बिल्ली’ १९३६ मध्ये. भाषेमुळे संपलेल्या नटीला कोणताही निर्माता इतक्या वेळा पैसे लावून उभी करत नाही.

त्या मागे पडल्या हे मात्र खरे, आणि ते १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात घडले. पार्श्वगायनाची पद्धत १९३५ पर्यंत रूढच नव्हती, त्यामुळे सुरुवातीच्या बोलपटांत नटीला स्वतः गावे लागे आणि गळा असलेल्या नव्या मुली पुढे आल्या. नायक दिनशा बिलिमोरिया यांच्याबरोबरची पडद्यावरची गाजलेली जोडीही तोवर फुटली होती. उच्चारांचा अडसर अजिबात नव्हता असे मी म्हणत नाही, तो नसता तर वर्षभराची रजा कशाला घ्यावी लागली असती? परंतु अडसर येणे आणि कारकीर्द संपणे यांत निदान पाच-सहा वर्षांचे आणि चार मोठ्या चित्रपटांचे अंतर आहे. नंतरच्या काळात त्यांनी लहान भूमिका केल्या. १९५३ च्या ‘अनारकली’त त्या सलीमच्या आई झाल्या. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, आणि १९८३ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

तुम्ही यावर काही लिहिणार असाल, तर छायाचित्र स्वतः निवडून द्या, त्याखालची ओळही स्वतः लिहा, आणि छपाईपूर्वी अंतिम प्रत पाहिल्याशिवाय आपले नाव घालू देऊ नका. संपादकांना वेळ नव्हता, ते काम विनामोबदला करत होते, हे मला मान्य आहे. तरीही लेखाच्या पहिल्याच ओळीत मी ‘रूबी मायर्स’ असे लिहिले होते, आणि ती ओळ त्यांनी तशीच छापली होती.