आधी मूल बघ, मग आकडा

मुलांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घ्यायला तू नवीन आहेस म्हणून सांगते. बुद्ध्यंक (आयक्यू) म्हणजे डोक्याचं वजन नव्हे. वेक्सलर या मानसशास्त्रज्ञाच्या चाचणीत सरासरी १०० धरतात आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती पसरतात ते) १५. आपल्या वयाच्या मुलांत हे मूल कुठे बसतं, एवढंच तो आकडा सांगतो. ८५ ते ११५ मध्ये साधारण दोन तृतीयांश मुलं येतात. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिनेनं १९०५ मध्ये सहकारी सिमोनसोबत चाचणी काढली ती कुणाला जादा मदत लागेल हे हुडकायला, शिक्के मारायला नाही.

माझ्याकडे पंचवटीतला भाजीवाल्याचा मुलगा आला होता. शेकड्याचा भाव सांगा, कोथिंबिरीच्या ३७ जुड्यांचे पैसे तोंडी सांगायचा. पुस्तकातली शाब्दिक उदाहरणं मात्र कोरी. मी तेव्हा नवखी, अहवालात ‘गणितात कच्चा’ लिहून मोकळी झाले. अडचण वाचनाची होती हे फार उशिरा कळलं. अजून सलतं.

मानसशास्त्रज्ञ गार्डनरच्या बहुविध बुद्धिमत्ता (१९८३; बुद्धी एक नसून अनेक, ही मांडणी) कार्यशाळांत जोरात चालतात. शिक्षकांना आवडतात, मलाही. पण पुरावा तोकडा आहे. मानसशास्त्रज्ञ स्पिअरमननं १९०४ मध्ये मांडलेला सामान्य घटक (सगळ्या बौद्धिक कामांमागची एक समान क्षमता) आधी समजून घे.

आणि हो, चाचणीची पेटी उघडण्याआधी विचारत जा, बाळा, सकाळी काही खाल्लंस का?