मोंढ्यातली वही आणि कमर्शियल कोर्ट

लातूरहून बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीचं पत्र आलंय. वडिलांची मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत. एका तेल मिलकडे सोयाबीनचे ११ लाख अडकले आणि वकिलाकडे जाईपर्यंत मुदत निघून गेली. तेव्हापासून तिला लॉ फर्ममध्ये व्यापारी दाव्यांचंच काम करायचंय. ‘पण माझं इंग्रजी कच्चं आहे, आणि घरचे म्हणतात हे मुंबईवाल्यांचं काम,’ असं ती लिहिते.

बेटा, तुमच्या घरात जे घडलं, तिथूनच हे काम सुरू होतं. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा तीन वर्षांत लावावा लागतो. मुदत संपण्याआधी मिलवाल्याने खातेउताऱ्याखाली ‘बाकी मान्य’ लिहून सही केली असती, तर त्या तारखेपासून तीन वर्षं नव्याने मिळाली असती. एका सहीवर ११ लाख! फर्ममधले ज्युनिअर सुरुवातीची वर्षं हेच शोधत असतात. बिल्टी (माल पाठवल्याची पावती), काटापट्टी (वजनाची चिठ्ठी), बिलं, व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप चाळायचे आणि तारीखवार यादी करायची. कोर्टात उभं राहून बोलणं पुष्कळ नंतर येतं. काटापट्टी तू लहानपणापासून पाहिली आहेस. शहरातल्या मुलांना ती शिकवावी लागते.

मुंबईवाल्यांचं काम म्हणणाऱ्यांना सांग, कमर्शियल कोर्टाचा, म्हणजे व्यापारी दाव्यांसाठीच्या वेगळ्या कोर्टाचा, कायदा २०१५ चा. आधी दावा किमान १ कोटीचा हवा अशी अट होती, २०१८ मध्ये ती ३ लाखांवर आली, आणि जिल्ह्यातही ही कोर्टं आली. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची. समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत प्रतिवादीने कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, दिली नाही, तर ती नंतर घेतलीच जात नाही. वर्षानुवर्षं तारखा घेणाऱ्या पक्षकारांना हे पटतच नाही. मोठ्या कंत्राटांचे वाद बहुतेक लवादाकडे, म्हणजे दोन्ही पक्षांनी कोर्टाबाहेर नेमलेल्या निवाडा करणाऱ्याकडे, जातात. तिथेही कागदच बोलतो.

सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, देऊन तीन वर्षांचं एलएल.बी. कर. लातूरलाही होईल, पण माझं मत संभाजीनगरला. तिथे १९८१ पासून हायकोर्टाचं खंडपीठ आहे, वाळूज-शेंद्र्याचे कारखाने आहेत, दुपारी कोर्टात जाऊन बसता येतं. वकिलीची सनद मिळाल्यावर दोन-तीन वर्षं चांगल्या सिनिअरकडे काढ, मग फर्म. सिनिअरच्या चेंबरमध्ये सुरुवातीला पैसा फार थोडा मिळतो, हे वडिलांना आजच सांगून ठेव.

इंग्रजीतून सुटका नाही, हायकोर्टाची भाषा तीच आहे. पण अलंकारिक इंग्रजी कुणी मागत नाही. रोज एक निकाल वाच आणि त्यातल्या घटना तारखेनिशी एका पानात लिहून काढ. वर्षभरात तुझं तुलाच कळेल.

आणि परीक्षेची वाट न बघता आजच वडिलांची वही उघड. ज्या येण्यांना अडीच वर्षं होऊन गेलीत ती वेगळी काढ, उतारे तयार कर आणि वडिलांना सोबत घेऊन देणेकऱ्यांच्या सही-तारखेसकट परत आण.