शूटवर धाड पडली तर असिस्टंट कॅमेरामन सुटतो का?

तुम्ही विचारलंय की एका अ‍ॅपच्या 'बोल्ड' सिरीजवर असिस्टंट कॅमेरामनचं काम आलंय, पैसे नेहमीच्या दुप्पट देतायत, हे कायदेशीर आहे का आणि पोलीस आले तर 'मी फक्त टेक्निशियन' म्हणून सुटता येतं का. नाही सुटता येत. मी तर टेक्निशियन पण नव्हतो, कॅमेरा-लाइट भाड्याने देणारा माणूस, तरी दोन रात्री पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर काढल्यात.

2019 ची गोष्ट. शहराबाहेरचा बंगला, ऑर्डर 'शॉर्ट फिल्म' म्हणून आलेली, आमचा अटेंडंट पोरगा गावी गेला होता म्हणून सामानाबरोबर मीच गेलो. दुपारपर्यंत मला कळलं होतं ही कसली शॉर्ट फिल्म आहे ते, खोटं कशाला बोलू, पण लाइट लागलेले, अ‍ॅडव्हान्स खिशात, अशा वेळी कोण उठून जातं? मी बाहेर टेम्पोत बसून राहिलो. चारच्या सुमारास धाड पडली आणि पोलिसांच्या जीपच्या मागोमाग चॅनेलवाल्यांची गाडी. गुप्त धाड म्हणे.

आत दोन मुली होत्या. एकीला सकाळी फक्त किसिंग सीन आहे सांगून आणलं होतं आणि मेकअप झाल्यावर खरं सांगितलं, ती रडत होती, तिची तक्रार शंभर टक्के खरी होती आणि त्या प्रोड्युसरला जे झालं ते कमीच झालं. दुसरी तिच्या मर्जीने आलेली. तिला पण 'पीडित' म्हणून वेगळं बसवलं तेव्हा ती महिला कॉन्स्टेबलला म्हणाली, मला वाचवायचंच होतं तर पेमेंट झाल्यावर यायचं ना. एवढ्या सगळ्यात मी तेव्हा हसलो आणि त्याबद्दल एक कानाखाली खाल्ली.

आम्हाला तोंडाला रुमाल बांधून कॅमेऱ्यासमोरून गाडीत घातलं. मेकअपवाली बाई पण आरोपींत धरलेली, तिला रात्रभर ठाण्यात बसवून ठेवलं आणि अटक दाखवली दुसऱ्या दिवशी सकाळी. का, तर सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. म्हणजे कायदा यांना पाठ असतो, फक्त तो कागदावर पाळायचा असतो. माझी तर अटक दाखवलीच नाही, 'चौकशीला स्वतःहून हजर' असं लिहिलं. स्वतःहून! 24 तासांत कोर्टासमोर उभं करायचा नियम अटक झालेल्याला, माझी अटकच नाही तर नियम कुठला. फोनचा पॅटर्न मी दुसऱ्या थपडेला सांगितला, शहाणपण सगळं नंतर सुचतं.

आता कलमं. तेव्हा आयपीसी 292 लावलं होतं, 1 जुलै 2024 पासून तेच भारतीय न्याय संहितेत 294 झालंय, अश्लील वस्तू विकणं, वाटणं, त्यासाठी बनवणं किंवा जवळ ठेवणं, पहिल्यांदा सापडलात तर 2 वर्षांपर्यंत. खरी मेख आयटी अ‍ॅक्टमध्ये आहे. 67 ला (साधं अश्लील) पहिल्या वेळी 3 वर्षांपर्यंत आणि जामीनपात्र, 67ए ला (उघड लैंगिक कृत्य) पहिल्या वेळी 5 वर्षांपर्यंत आणि 10 लाखांपर्यंत दंड, आणि ते अजामीनपात्र. माझ्या वकिलाचं म्हणणं होतं की 67 असो नाहीतर 67ए, दोन्हीकडे शब्द आहेत प्रसिद्ध करणं, पाठवणं. ज्या दिवशी कार्ड कॅमेऱ्यातच आहे त्या दिवशी प्रसिद्ध काय झालं? काही नाही. तरी 67ए पहिल्या दिवशीच लागतं कारण त्याने माणूस आत राहतो, पुढे कोर्टात गळालं तर गळालं. बरोबरीने पिटा, म्हणजे वेश्याव्यवसायाविरुद्धचा कायदा, पण लावतात कधीकधी, म्हणजे शूटला वेश्याव्यवसाय धरायचं. कॅलिफोर्नियात हाच प्रकार एका निर्मात्यावर केला होता, 1988 ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अभिनयाचे पैसे देणं म्हणजे दलाली नाही. ते तिकडचं, आपल्याकडे त्याच्या भरवशावर राहू नका.

सुप्रीम कोर्टाने 2014 च्या अर्नेश कुमार निकालात सांगितलंय की 7 वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात ऊठसूट अटक करायची नाही, आधी हजर राहायची नोटीस द्यायची. मला ती नोटीस मिळाली, दोन रात्री बसवून झाल्यावर, पाठीमागची तारीख टाकून.

पण मला सांगायचंय ते मुद्देमालाचं, कारण शिक्षा मला त्यानेच झाली. दोन कॅमेरे, लेन्स, लाइट, लॅपटॉप, माझा फोन, आणि बॅगेत पडलेली एक हार्ड डिस्क, सगळं जप्त. त्या डिस्कमध्ये आदल्या आठवड्यातलं एक लग्न होतं. हळद, वरात, पाठवणी, सगळं. बॅकअप लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉप पण तिथेच लाखेच्या सीलमध्ये. मुलीच्या वडिलांना काय सांगायचं? तुमच्या मुलीचं लग्न अश्लील फिल्मच्या केसमध्ये पुरावा म्हणून जमा आहे? मी महिनाभर 'एडिट चालू आहे' सांगितलं, मग त्यांनी बातमीच्या क्लिपमध्ये माझा टेम्पो ओळखला. त्यानंतर ते फोनवर जे बोलले ते बरोबरच होतं, मी ऐकून घेतलं. मुलीची आजी मधल्या काळात गेली. ती त्या व्हिडिओत नाचली होती.

सुंदरभाई देसाई म्हणून 2002 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, जप्त वस्तू ठाण्यात कुजवत ठेवू नका, फोटो काढा, पंचनामा करा, बॉण्ड घ्या आणि परत द्या, 15 दिवस ते फार तर महिना. माझे कॅमेरे सुटायला सात महिने लागले. अर्ज केला, कोर्टाने तपास अधिकाऱ्याचं 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवलं, तीन तारखा 'से' आलंच नाही, चौथ्या तारखेला आलं की कॅमेरा हे गुन्ह्यातलं मुख्य साधन आहे, परत दिल्यास पुन्हा गुन्हा घडेल. हार्ड डिस्क फॉरेन्सिकच्या रांगेत चौदा महिने. परत आली तेव्हा चालू होती, हे आश्चर्यच.

आणि मालकी सिद्ध करा म्हटल्यावर आमच्याकडे काय निघालं? डिलिव्हरी चलन: 'कॅमेरा किट 2 सेट, लेन्स 3, लाइट 6'. बस. एक कॅमेरा सेकंडहँड घेतलेला, बिल नाही. मी पार्टनरला पहिल्यापासून सांगत होतो की चलनावर प्रत्येक वस्तूचा सिरीयल नंबर टाक आणि भाड्याने नेणाऱ्याची सही-आधार घे, तर हा चार लोकांसमोर म्हणायचा, नंबर लिहायला आपण काय आरटीओ आहोत का. पोलिसांचा पंचनामा त्याच्याहून भारी, 'काळ्या रंगाचे कॅमेरे 2 नग, लेन्स लहान-मोठ्या, वायर 1 गठ्ठा'. एक पंच तर दुसऱ्याही केसमध्ये पंच होता असं वकिलाने सांगितलं, ठरलेला माणूस. आता नवीन कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या 105 मध्ये, झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग सक्तीचं केलंय, तेव्हा असतं तर माझं बरंच काही वाचलं असतं.

तर तुमच्यासाठी एवढंच: काम घेणारच असाल तर स्क्रिप्ट आणि करार आधी हातात घ्या, स्वतःचा कॅमेरा नेऊ नका, दुसऱ्या कामाची एकही डिस्क बरोबर ठेवू नका, वकिलाचा नंबर पाठ करा कारण फोन पहिल्या पाच मिनिटांत जातो. चौकशी चालू असताना वकिलाला भेटायचा हक्क अटक केलेल्याला आहे, म्हणून 'माझी अटक झालीय का' हे विचारत राहा, चिडतात पण विचारा. माझ्या मते नेऊच नका स्वतःला, दुप्पट पैसे देतायत ते तुमच्या कलेचे नाहीत, धाडीचे आहेत.

हे पण लिहायला हवं, मी वकील नाही. आणि मी या धंद्याची बाजू घेत नाहीये. सेटवर कोणी फसवून आणलेलं दिसलं तर तिथून उठा आणि तुम्हीच 112 ला फोन करा, आणि 18 च्या खालचं कोणी असेल तर आयटी अ‍ॅक्टचं 67बी आणि पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा, तिथे मला कोणाचीच दया नाही, लाइटवाल्याची पण नाही. सगळे पोलीस तसले नसतात, पहिल्या रात्री एका हवालदाराने स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली आणि हळूच सांगितलं, बायकोला कळवलंय का, नंबर सांग. माझा राग फक्त याच्यावर आहे की बंद बंगल्यातली चार सज्ञान माणसं पकडायला गाडीभर पोलीस आणि चॅनेल, आणि 'से' द्यायला माणूस नाही. 2015 ला मुंबईत मढ-आक्साच्या हॉटेलांतून बंद खोलीतली जोडपी उचलून सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचं कलम लावलं होतंच, आठवत असेल. बंद खोली सार्वजनिक!

आणि लेन्स. तीनपैकी 85 एमएम परत आली नाही. मी विचारलं तर म्हणाले पंचनाम्यात 'लहान-मोठ्या' लिहिलंय, दोन मिळाल्या ना, एक लहान एक मोठी. पार्टनर आजही लोकांना सांगतो की ती लेन्स त्या दिवशी गेलीच नव्हती, मी आधीच कुठेतरी विसरलो. हिशोबात त्याने ती माझ्या वाट्यातून कापली, म्हणून आम्ही वेगळे झालो. चलनाची कार्बन कॉपी माझ्याकडे आहे. त्यावर 'लेन्स 3' त्याच्याच अक्षरात आहे.