गाडी तुमच्या दारात, पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर

एका वाचकाचं लांबलचक पत्र आलं आहे. त्यांनी कुटुंबासाठी चार वर्षं वापरलेली सात आसनी डिझेल गाडी एजंटामार्फत घेतली. पैसे बँकेतून दिले. गाडी मिळाली, दोन्ही चाव्या मिळाल्या, मूळ मालकाच्या सह्या असलेले फॉर्म 29 आणि 30, म्हणजे मालकी बदलाचे अर्ज, मिळाले. "बँकेचा बोजा उतरला की महिन्याभरात आरसी तुमच्या नावावर," असं एजंट म्हणाला. त्याला आता पाच महिने झाले. मागच्या आठवड्यात गाडी ठोकली गेली. कुणाला लागलं नाही, पण पुढचा भाग चेपला आहे आणि विमा कंपनी विचारते आहे, गाडी कोणाची? त्यातच गॅरेजवाल्याने सांगितलं, की डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आतून पोकळ केलेला आहे आणि किलोमीटरचा मीटरही मागे घेतलेला दिसतो. वाचकांचा प्रश्न असा: मीटर आणि डीपीएफबद्दल केस करता येईल का, आणि घेण्याआधी काय तपासायला हवं होतं?

अशी पत्रं सतत येतात. या पत्रात मीटरवर दोन पानं आहेत आणि विम्यावर एक ओळ. माझ्या उत्तरात प्रमाण उलटं असेल, कारण तुमचा निकाल त्या एका ओळीत लागणार आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम 157 बघा. गाडी विकली गेली की पॉलिसीही नव्या मालकाकडे गेली असं हे कलम मानतं, आणि ताबा मिळाल्यापासून 14 दिवसांत नव्या मालकाने विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर आपलं नाव लावून घ्यावं असं सांगतं. पहिला भाग ऐकून लोक निर्धास्त होतात. पण ही आपोआप होणारी बदली फक्त थर्ड पार्टीपुरती आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1990च्या दशकातच कम्प्लीट इन्सुलेशन्सच्या खटल्यात स्पष्ट केलं. तुमच्या गाडीखाली कुणी आलं तर त्याची भरपाई पॉलिसीतून होईल. तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, म्हणजे ज्याला ओडी म्हणतात ते, हा विमा कंपनी आणि पॉलिसीवर नाव असलेली व्यक्ती यांच्यातला करार आहे. त्या करारात तुम्ही नाहीत. त्यात शिरायचं तर विक्रीचा पुरावा जोडून नवा प्रस्ताव अर्ज भरावा लागतो आणि कंपनीने तो स्वीकारावा लागतो. तुम्हाला पाच महिने मिळाले होते. एक अर्ज आणि किरकोळ शुल्क, एवढंच काम होतं, आणि ते आरसी येण्याची वाट बघत तुम्ही पडू दिलंत. आरसी हातात येईपर्यंत विमा कंपनीला काही कळवायचं नसतं, हा समज कुठून पसरला ते मला माहीत नाही, पण त्यापायी लोकांचं फार नुकसान होतं आहे.

आता या क्लेमचं काय? तुमच्या नावाने तो मंजूर होण्याची शक्यता मला कमी वाटते. एक फट आहे, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने एका मालट्रकच्या प्रकरणात नोंदणीकृत मालकाचा क्लेम मान्य केला होता. ट्रक विकायचा करार झालेला होता, ताबाही गेला होता, पण बँकेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, नसल्याने नोंदणी बदलली नव्हती. कायद्याच्या नजरेत मालक तोच राहिला, म्हणून विमाही त्याचाच राहिला. तुमच्या प्रकरणातही बोजा उतरलेला नाही, त्यामुळे मूळ मालकाने स्वतःच्या नावाने क्लेम केला तर वाद घालायला जागा आहे. कंपनी तो सरळ मान्य करेल असं मी म्हणत नाही. प्रत्येक प्रकरणात विक्रीचे कागद काय म्हणतात यावर बरंच ठरतं.

एक मात्र करू नका. एजंट तुम्हाला सांगेल, की गाडी विकलेलीच नाही, मित्राकडून दोन दिवसांसाठी आणली होती असं विमा कंपनीच्या सर्व्हेअरला सांगा. हे कृपा करून सांगू नका. पाच महिन्यांपूर्वीचा तुमचा बँक व्यवहार कंपनीच्या तपासात पहिल्याच दिवशी निघेल, आणि खोटं निवेदन दिलं एवढ्या एकाच कारणावर मूळ मालकाचाही क्लेम जाईल. जे घडलं ते तसंच लिहून द्या.

पॉलिसीच्या बदलीचा अर्ज मात्र आजच द्या. 14 दिवस उलटून गेले म्हणून दार बंद झालं असं नाही. झालेल्या अपघातासाठी उशीर झाला आहे, पुढच्यासाठी नाही. विक्रीची पावती, बँकेची नोंद, फॉर्म 29 ची प्रत जोडा आणि पोच घ्या. पॉलिसीची मुदत कधी संपते तेही बघा. ती मधेच संपली आणि एजंटाने घाईघाईत मूळ मालकाच्याच नावाने नूतनीकरण केलं, तर हाच गोंधळ आणखी एक वर्ष चालेल. मूळ मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळणार नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागेल.

नोंदणीसाठी एजंटाला फोन करत बसू नका. या व्यवहारात घाई नसलेला तोच एकटा आहे, त्याचं कमिशन त्याला मिळालं आहे. थेट मूळ मालकाला गाठा, कारण त्याला तुमच्यापेक्षा जास्त धोका आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 2(30) प्रमाणे ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या 2018 च्या निकालात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, तरी अपघाताची भरपाई आरसीवर नाव असलेल्याच्याच माथी आली. उद्या तुमच्या हातून कुणी जखमी झालं तर मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस त्याच्या घरी जाईल. हे त्याला शांतपणे, लेखी समजावून सांगा. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 त्याच्याच सहीने मिळणार आहेत, आणि ऑनलाइन अर्जाचा ओटीपी त्याच्या नोंदवलेल्या मोबाइलवर जाणार आहे. तो नंबर चालू आहे का, एवढं विचारूनही अर्धं काम पुढे सरकतं. कलम 50 प्रमाणे एकाच राज्यात विकणाऱ्याने 14 आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत कळवायचं असतं. ती मुदत गेली आहे, दंड भरावा लागेल, भरा.

आणि ते फॉर्म 29 आणि 30, तेही कोरे. तारीख नाही, घेणाऱ्याचं नाव नाही, फक्त खाली सही. असा कागद तुम्ही पाच महिने कपाटात ठेवलात. त्यावर आज कुठलीही तारीख टाकू नका. ताबा ज्या दिवशी मिळाला ती खरी तारीखच टाकायची, आणि तीही मूळ मालकाच्या समक्ष.

आता डीपीएफ. धुरातली काजळी अडवणारा हा फिल्टर ठरावीक काळाने ती जाळून स्वतःला साफ करतो. गाडी रोज जवळच्या जवळच फिरली तर त्यासाठी लागणारी उष्णता तयार होत नाही, फिल्टर तुंबतो, दिवा पेटतो. नवा महाग पडतो म्हणून काही गॅरेजं तो फोडून पोकळ करतात आणि दिवा पेटू नये म्हणून इंजिनच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलतात. हा उत्पादकाच्या मूळ रचनेत केलेला बदल आहे. कलम 52 त्याला मनाई करतं, आणि 182-ए खाली बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. बदल तुम्ही केला नाही हे खरं, पण तो तुम्ही केला नाहीत हे दाखवणारा कागद आज तुमच्याकडे नाही. म्हणून गॅरेजवाल्याला सांगा, हात लावू नकोस. आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासणी करून लेखी अहवाल घ्या, स्कॅनरवरचे आकडे छापून घ्या, फोटो काढा. दुरुस्ती करून मग तक्रार करणारे पुरावा स्वतःच भंगारात टाकतात.

मीटरचंही तसंच. सर्व्हिस सेंटरच्या प्रत्येक जॉब कार्डावर त्या दिवशीचे किलोमीटर लिहिलेले असतात. दोन वर्षांपूर्वीच्या कार्डावर आजच्यापेक्षा मोठा आकडा निघाला तर वेगळा तज्ज्ञ लागत नाही. एजंटाने काय सांगितलं होतं हेही महत्त्वाचं आहे. तो नुसता गप्प राहिला असेल, तर करार कायद्याच्या कलम 19 मधला अपवाद तुमच्या विरोधात वापरला जाईल: साधी काळजी घेतली असती तर खरं कळलं असतं, मग आता तक्रार कशाला? पण त्याने जाहिरातीत किंवा व्हॉट्सअॅपवर किलोमीटरचा आकडा लिहून "ओरिजिनल" म्हटलं असेल तर ते उघड खोटं सांगणं आहे, तिथे हा अपवाद लागत नाही. तो मेसेज असलेला फोन बदलू नका, विकू नका.

तक्रार कुठे करायची? एजंटाविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परिवहन खात्याकडून अधिकृत परवाना घ्यावा लागतो. तुमच्या एजंटाकडे तो होता का ते लेखी विचारा. मूळ मालक खाजगी व्यक्ती आहे, त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोग कितपत चालेल याबद्दल मला शंका आहे. कायदा म्हणतो, तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत तक्रार निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, आणि एका कुटुंबाला तेवढा काळ गाडीविना किंवा कर्जाच्या हप्त्यासह काढावा लागतो. हे बदलायला हवं, पण तोवर आयोगाच्या भरवशावर पॉलिसी आणि नोंदणी थांबवू नका.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, कारण तो इतरांनाही कामाचा आहे. इंजिन थंड असताना गाडी बघायला जा, आणि तुम्ही येण्याआधी ती सुरू करू नका असं आधीच सांगा. सायलेन्सरच्या नळीत आतून बोट फिरवा. डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीत बोट जवळपास स्वच्छ निघतं, काजळीने काळंकुट्ट निघालं तर पुढे बोलण्याआधी स्कॅन मागा. ऑइलची पातळी खुणेच्या वर चढलेली असेल तर त्यात डिझेल मिसळत असण्याची शक्यता आहे. टर्बो, इंजेक्टर, टायमिंग बेल्ट हे जाणत्या मेकॅनिकने बघायचं, वकिलाने नाही.

कागदांत सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर मालकाचं नाव, बोजा, चलानं आणि पॉलिसी त्याच दिवशी बघा, एजंटाने दाखवलेला स्क्रीनशॉट चालणार नाही. बोजा असेल तर बँकेची रक्कम तुम्ही थेट बँकेत भरा, उरलेले पैसे एनओसी आल्यावर द्या. दिल्ली परिसरातल्या गाडीबद्दलही अनेक जण विचारतात. हरित लवादाने 2015 मध्ये तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती कायम ठेवली, आणि त्यानंतरही आदेश बदलत आले आहेत. त्यामुळे तिथून बाहेर पडणाऱ्या गाडीचा फॉर्म 28, म्हणजे मूळ आरटीओची एनओसी, हातात आल्याशिवाय बयाणासुद्धा देऊ नका. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो आणि इथला करही भरावा लागतो, तो हिशेब किमतीत आधीच धरा.

तुम्ही मात्र आज विमा कंपनीत जा. पोच मिळाली की तिची एक प्रत मूळ मालकाला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि बँकेत एकत्र जाण्याची तारीख पत्रातच सुचवा. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर जॉब कार्डं, तपासणी अहवाल आणि तो फोन घेऊन जवळच्या वकिलाकडे जा. नोटीस एजंट आणि मूळ मालक दोघांना एकाच दिवशी जाऊ द्या.