बांध कोरलाय म्हणता, तर आधी जुना दगड शोधा

तुम्ही लिहिलंय की शेजारच्या काकांनी दरवर्षी नांगरताना थोडा थोडा बांध कोरला, आता तो तीनेक फूट तुमच्या बाजूला आलाय, आणि तुमच्या सातबाऱ्यावर क्षेत्र पूर्ण आहे म्हणून थेट तक्रार करू का?

थोडं थांबा. सातबारा क्षेत्र सांगतो, रेघ कुठून जाते ते सांगत नाही. रेघ गटाच्या नकाशात आणि जुन्या टिपणात, म्हणजे पूर्वीच्या मोजणीच्या कागदात, असते. तरी तुमची तळमळ रास्त आहे. दोनशे फूट बांध तीन फूट सरकला तर सहाशे चौरस फूट गेले, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून जास्त.

आमच्याकडे असाच वाद होता. मी आणि शेजारचे अण्णा दोघंही कोपऱ्याची जागा वेगवेगळी दाखवत होतो. मग मोजणीच्या आदल्या दिवशी दोघांनी मिळून घायपाताचं बेट खणलं. हातभर खाली, गाळात बुडालेला हद्दीचा दगड लागला. अण्णा त्यावरची माती पंजाने पुसत बसले, बराच वेळ काही बोलले नाहीत. बांध कोरला तो त्यांच्या वडिलांनी आणि माझ्या आजोबांनीही, दोघांनी आपापल्या टोकाला. म्हणून आधी काकांना सोबत घेऊन जुन्या खुणा शोधा, बांधावरची झाडं कुणी लावली हे म्हाताऱ्या माणसांना विचारा.

पटलं नाहीच, तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. ती काकांना मिळाली का हे स्वतः बघा, नाहीतर पुढे 'मला कळवलंच नाही' हा मुद्दा उभा राहतो. शेत मोकळं असताना तारीख घ्या, उभ्या उसात खुणा दाखवणं अवघड. मोजणीदार आले की दोघांनीही दिवसभर शेतात थांबा, आणि दाखवलेल्या खुणांवर त्याच दिवशी, काकांसमोर, दगड पुरा. नुसत्या खुंट्या पहिल्या नांगरटीत जातात. नंतर 'क' प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, घ्या. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते, ती वरचे अधिकारी करतात.

एक गैरसमज फार लोकांचा होतो. मोजणीदार रेघ दाखवतो, ताबा मिळवून देत नाही. ताबा काका सोडत नसतील तर दिवाणी कोर्ट. अगदी अलीकडे बेकायदा हुसकावलं असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदारांकडे जाता येतं, पण सहा महिन्यांच्या आत. उशीर महागात पडतो. समोरचा बारा वर्षं उघडपणे, तुमचा हक्क न मानता ताब्यात राहिला, तर तो प्रतिकूल कब्जाचा, म्हणजे ताब्यावरून जमीन आपलीच झाली असा, दावा आणू शकतो.

पोलिसांत जायची घाई करू नका. हद्द कुठे हे ठरवणं त्यांचं काम नाही, आणि एकदा गुन्हा दाखल झाला की काका बांधावर बोलायलाही येणार नाहीत.

एवढं मात्र कळवा: तुमच्या गटात पोटहिस्से, म्हणजे वाटणीचे तुकडे, पडलेत का, आणि त्या तुकड्यांचा फाळणीचा नकाशा निघतो का? पुढचा सल्ला त्यावरच देता येईल.