राऊटरचं सेटिंगचं पान उघडंना?

भावा, आधी मोबाइलचा डेटा बंद कर. वायफायला इंटरनेट नसलं की फोन गुपचूप डेटावर जातोय आणि तू राऊटरचा पत्ता म्हणून १९२.१६८.१.१ टाकून वाट बघत बसतोस. हा आकडा सगळीकडं सारखा नसतोय बरं. राजारामपुरीतल्या मित्राचा तुझ्या डब्याला चालंलच असं नाही, बऱ्याच राऊटरांचा १९२.१६८.०.१ असतोय. खरा पत्ता बुडाच्या स्टिकरवर बघ. स्टिकर पुसला असंल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप कर, 'डिफॉल्ट गेटवे'समोर दिसंल तोच.

पत्ता ब्राउजरच्या वरच्या पट्टीत टाक, आणि त्याच्या आधी एचटीटीपी (http://) स्वतः लिही. नाहीतर ब्राउजर कधी त्याचा शोध घेत बसतोय, कधी आपणहून एचटीटीपीएस (https://) लावतोय.

घरात दोन डबे असतील, फायबरवाल्याचा एक आणि तू वरनं जोडलेला दुसरा, तर ज्याच्या वायफायवर आहेस त्याचं पान बघायचं.

तरीबी जमंना तर लॅनची वायर थेट लॅपटॉपला लाव. पण पिन खुपसून रिसेट मारू नकोस. पासवर्डाबरोबर पीपीपीओईचं, म्हणजे इंटरनेट जोडायच्या लॉगिनचं, युजरनेमबी पुसलं जातंय, मग रविवारी केबलवाल्याला फोन लावत बस. तो काय उचलतोय!