वादळात शेजाऱ्याची केळीची बाग पडणे, हे बायबलनुसार गर्वाचे फळ मानावे का?

नाही. गर्वाने माणसाचा नाश होतो असे बायबल स्पष्ट सांगते. पण रावेरकडच्या तुमच्या शेजाऱ्याची केळीची बाग वादळात आडवी झाली, म्हणून तो गर्विष्ठ होता, असा उलटा निष्कर्ष काढायला त्यात आधार नाही. भुसावळला बायबलचा अभ्यासवर्ग घेताना हा प्रश्न माझ्यापुढे अनेकदा आला आहे. गर्व नाशाच्या पुढे चालतो, हे बायबलमधील नीतिसूत्रे या पुस्तकातले (16:18) वचन लोक अशा वेळी सांगतात, आणि दानीएलाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात ते प्रत्यक्ष घडतानाही दिसते. बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर राजवाड्याच्या गच्चीवर फिरत, हे थोर नगर आपणच आपल्या बळावर वसवले असे म्हणतो. ते शब्द तोंडात असतानाच त्याचे राज्य जाते, तो बैलासारखे गवत खाऊ लागतो, त्याची नखे पक्ष्यांच्या नखांसारखी वाढतात, आणि स्वर्गाकडे डोळे वर केल्यावरच त्याची बुद्धी व राज्य त्याला परत मिळते. ही शिक्षा भानावर आणणारी आहे, केवळ नाश करणारी नाही, हे माझ्या मते फार महत्त्वाचे आहे. मात्र राजाला आधी स्वप्नातून इशारा मिळाला होता. प्रत्येक आपत्तीला हा नियम लागत नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसे मेल्याचा उल्लेख करून येशू सांगतो की ती माणसे यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक दोषी नव्हती, आणि पश्चात्ताप करण्यास तो ऐकणाऱ्यांनाच सांगतो.